टॉर्क : फिरविण्याच्या जोराचा अर्थ आणि हिशेब

मळणीचे दिवस सुरू झाले म्हणजे गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यास एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मोटर पाच एच.पी.ची घेतली आहे, मग तिचा जोर गेला कुठे?’ मोटर नवी असते, पट्टा नवा असतो, तरी थोडा अधिक माल घातला की यंत्र मंद होते आणि अखेर थांबते. शेजाऱ्याच्या खळ्यावर तेवढ्याच मोटरीवर तसलेच यंत्र सुरळीत चाललेले असते. अशा वेळी दोष मोटरीच्या कारखान्यावर, विजेवर किंवा नशिबावर टाकला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष ‘जोर’ या एका शब्दात असतो. आपण किती वेगाने फिरते त्यासही जोर म्हणतो, किती काम उरकते त्यासही जोर म्हणतो आणि फिरविण्याची जी ताकद असते तिलाही जोर म्हणतो. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंना ‘फेरे’ आणि ‘अश्वशक्ती’ ही नावे आता गावोगाव रुळली आहेत. तिसरीला यंत्रविद्येत ‘टॉर्क’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या, इंजिनाच्या व मोटरीच्या माहितीपत्रकांत हा शब्द छापलेला असतो. परंतु खरेदी करणाऱ्याची नजर त्यावरून घसरून अश्वशक्तीच्या आकड्यावर जाते, आणि विकणारासही तेच सोयीचे वाटते.

शब्दाचा अर्थ

‘टॉर्क’ हा शब्द ‘पिळणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूवरून घेतलेला आहे. जेम्स टॉमसन या शास्त्रज्ञाने तो सुचविला आणि 1884 साली तो प्रथम छापला गेला. म्हणजे शब्दाचे वय दीडशे वर्षांहून कमी आहे. ज्या गोष्टीस तो लावला ती मात्र जात्याइतकी जुनी आहे. मराठी शास्त्रीय ग्रंथांत यासाठी ‘परिबल’ हा शब्द योजतात. शेतकऱ्याशी बोलताना त्यावर हट्ट धरण्याचे कारण नाही. दुकानात, गॅरेजात व माहितीपत्रकात ‘टॉर्क’ हाच शब्द भेटणार असल्याने तोच ठेवावा आणि त्याचा अर्थ ‘फिरविण्याचा जोर’ असा सांगावा, हे बरे.

हा जोर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : किती बळाने ओढले किंवा ढकलले ही एक, आणि फिरण्याच्या मध्यापासून किती अंतरावर ओढले ही दुसरी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे टॉर्क. दार बिजागरीजवळ ढकलून पाहिल्यास मोठ्या माणसासही जड जाते. तेच दार कडेला धरून लहान मूल उघडते. जात्याचा खुंटा मध्याजवळ न ठोकता पाळीच्या कडेजवळ ठोकतात तो याच कारणाने. खुंटा निम्म्या अंतरावर आणला तर दळणाऱ्या बाईस दुप्पट बळ लावावे लागेल. तिने हे गणित कधी केले नसेल, पण जाते घडविणाऱ्या पाथरवटास ते अनुभवाने ठाऊक होते.

नट सैल करताना 30 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास 20 किलोग्रॅम बळ लावले, तर टॉर्क 20 गुणिले 0.3 म्हणजे 6 किलोग्रॅम-मीटर होतो. पान्यावर पाइप चढवून लांबी 90 सेंटिमीटर केली, तर त्याच हाताच्या बळाने 18 किलोग्रॅम-मीटर मिळतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. ओढ पान्याशी काटकोनात असली तरच हा हिशेब पुरा उतरतो. तिरके ओढल्यास त्या बळाचा काही भाग पान्यास मध्याकडे रेटण्यात वाया जातो.

गंजलेला नट जागचा हलला नाही तरी टॉर्क लागलेला असतोच. पण काही फिरले नाही, म्हणून काम झाले नाही आणि अश्वशक्तीही शून्य. टॉर्क आणि अश्वशक्ती यांतील भेद सांगण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. कार्यकर्त्याने गावात एक पाना, एक गच्च बसलेला नट आणि एक ताणकाटा घेऊन हे प्रत्यक्ष दाखवावे. काटा पान्याच्या टोकास अडकवून ओढला, मग मध्यास अडकवून ओढला, आणि नट सुटताना काट्यावर दिसणारे वजन दोन्ही वेळा वाचले, की व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही. मात्र दुसऱ्या वेळी नट पुन्हा तितकाच आवळून घ्यावा.

मापांविषयी थोडे. जुन्या माहितीपत्रकांत टॉर्क ‘किलोग्रॅम-मीटर’मध्ये देत, आता बहुधा ‘न्यूटन-मीटर’मध्ये देतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. म्हणून न्यूटन-मीटरच्या आकड्यास 10 ने भागले म्हणजे व्यवहारापुरते किलोग्रॅम-मीटर मिळतात. 120 आणि 12 हे आकडे दोन ट्रॅक्टरांच्या पत्रकांत दिसले, तर पहिला दहापट बलवान आहे असे समजू नये.

बैलांचा चरक आणि पाच अश्वशक्तीची मोटर

ऊस गाळण्याचा बैलांचा चरक आता क्वचितच दिसतो. परंतु टॉर्क समजण्यासाठी त्याच्याइतके चांगले यंत्र नाही. मध्ये उभा लाट, त्यास जोडलेला लांब आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकास जुंपलेली बैलजोडी. बैल सतत जेवढी ओढ देऊ शकतात ती त्यांच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी धरतात. दोन्ही बैलांचे मिळून वजन 800 किलोग्रॅम असेल तर ओढ 80 किलोग्रॅम. दांडा मध्यापासून 3 मीटर असेल तर टॉर्क 240 किलोग्रॅम-मीटर. बैल सेकंदास पाऊण मीटर चालले, तर जवळजवळ 19 मीटरचा एक फेरा पुरा होण्यास 25 सेकंद लागतात. म्हणजे मिनिटास सुमारे 2.4 फेरे.

आता शक्ती पाहू. 80 किलोग्रॅम ओढ आणि सेकंदास पाऊण मीटर वेग यांचा गुणाकार 60. सेकंदास 75 किलोग्रॅम-मीटर काम म्हणजे एक अश्वशक्ती, म्हणून ही बैलजोडी सुमारे 0.8 अश्वशक्तीची ठरते.

तिच्या शेजारी मिनिटास 1440 फेरे करणारी 5 अश्वशक्तीची मोटर ठेवावी. टॉर्क काढण्याची रीत अशी : अश्वशक्तीस 716 ने गुणावे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे. 5 गुणिले 716, भागिले 1440 म्हणजे सुमारे 2.5 किलोग्रॅम-मीटर. एका अश्वशक्तीसही न पोहोचणारी बैलजोडी 240 आणि तिच्या सहापट शक्तीची मोटर अडीच! हा आकडा प्रथम ऐकणाऱ्यास खोटा वाटतो. पण मोटरीचा शाफ्ट चरकाच्या लाटेस थेट जोडला तर ती एक कांडेही गाळणार नाही, आणि बैल ते सहज गाळतील. मोटर वेगात श्रीमंत असते आणि टॉर्कमध्ये गरीब. तिचे 1440 फेरे दात्यांच्या चाकांनी 2.4 वर आणले, म्हणजे 600 पट कमी केले, तर टॉर्क 600 पट वाढून 1500 किलोग्रॅम-मीटरच्या घरात जातो. त्यातून घर्षणाची तूट वजा करावी लागते. तरी आता ती बैलांस कितीतरी मागे टाकते आणि तिची पाच अश्वशक्ती खरी ठरते.

अश्वशक्तीचे माप स्वतः अशाच चक्रावर ठरले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जेम्स वॉट याने चक्कीस जुंपलेल्या घोड्याचा हिशेब धरला. घोडा 12 फूट त्रिज्येच्या वर्तुळात 180 पौंड ओढीने चालतो आणि तासास 144 फेरे घालतो. तासास 144 म्हणजे मिनिटास 2.4, आपल्या चरकाच्या बैलांचेच फेरे. यावरून मिनिटास 32,572 फूट-पौंड काम निघते. वॉटने सोयीसाठी 33,000 धरले आणि तेच प्रमाण झाले. म्हणजे अश्वशक्तीच्या पोटात आधीपासून टॉर्क आणि फेरे हे दोन्ही आहेत. पत्रकावर एकच आकडा छापला की ते दोघे त्यामागे दडतात, एवढेच.

पुली बदलताना

प्रारंभी जो प्रश्न सांगितला त्याचे उत्तर बहुधा पुलीत सापडते. मोटरीची पुली 10 सेंटिमीटर आणि मळणी यंत्राची 30 सेंटिमीटर असेल तर 1440 फेऱ्यांचे 480 फेरे होतात आणि अडीच किलोग्रॅम-मीटरचे साडेसात. यंत्र बनविणाऱ्याने हाच मेळ धरून ड्रम, दाते व पंखा बसविलेला असतो. पुढे जुनी पुली झिजते किंवा फुटते. बाजारात 15 सेंटिमीटरची मिळते, ती बसविली जाते. यंत्र आता 720 फेऱ्यांनी फिरते. रिकामे चालताना ते जोमदार वाटते आणि मालक खूश होतो. परंतु ड्रमवरचा टॉर्क साडेसातावरून पाचावर आलेला असतो. त्यात ओलसर पेंढी गेली की यंत्र अडते. शिवाय वाढलेल्या वेगाने धान्य फुटते ते निराळेच.

पंपाच्या बाबतीत ही चूक अधिक महाग पडते. मध्योत्सारी पंप जितका वेगाने फिरवावा तितका टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अधिक मागतो आणि शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्के वाढविला तर टॉर्क 21 टक्के आणि शक्ती 33 टक्के अधिक लागते. पाच अश्वशक्तीच्या कामावर साडेसहाहून अधिक अश्वशक्ती मागितली जाते. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपास ‘थोडी मोठी पुली लावून पाणी वाढवू’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यास पाणी मिळते खरे, परंतु इंजिन काळा धूर ओकू लागते किंवा मोटर तापू लागते. पुली बदलावयाची झाल्यास जुन्या पुलीचा व्यास सुतळीने व पट्टीने मोजून, कागदावर लिहूनच दुकानात जावे.

विजेचा दाब आणि मोटर

उन्हाळ्यात पिके पाण्यावर आली की डी.पी.वरचे सर्व पंप एकाच वेळी चालतात आणि तारेच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी हैराण होतो. त्याची मोटर हंगामात दोनदोन वेळा जळते. तिचे वाइंडिंग नव्याने भरून घेण्यात पीक विकून आलेला पैसा जातो, आणि मोटर दुकानात असेपर्यंत उभे पीक वाळते ते वेगळे. येथे टॉर्कचा एक नियम जाणणे अत्यंत जरुरीचे आहे. विजेच्या मोटरीचा टॉर्क व्होल्टांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब जितका उतरतो त्याहून टॉर्क पुष्कळ अधिक उतरतो.

तीन फेजच्या मोटरीस 415 व्होल्ट मिळावयास हवेत असे धरू. दाब 350 वर आला तर ती देऊ शकेल असा टॉर्क शेकडा 71 राहतो. 300 वर आला तर शेकडा 52. मोटर आपल्या नेहमीच्या कामापेक्षा साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक टॉर्क देण्याची तयारी राखून बनविलेली असते, म्हणून 300 व्होल्टांवरही ती कशीबशी चालते. ‘चालते ना, मग झाले,’ असे शेतकरी म्हणतो. परंतु राखीव सारी खर्च झालेली असते. पंप तर आपला टॉर्क मागतच असतो. तो पुरविण्यासाठी मोटर तारेतून अधिक अँपिअर ओढते. अँपिअर वाढले की उष्णता त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वाइंडिंगचे रोधक वार्निश करपू लागते. दाब आणखी थोडा उतरला की मोटर जागीच थांबते. थांबलेली मोटर नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर ओढते. ती जळण्यास काही मिनिटेही पुरतात.

एक फेज गेल्यास काय होते हेही यातच येते. तीन फेज मिळून मोटरीत फिरते चुंबकत्व तयार होते आणि तेच रोटरास ओढीत नेते. एक फेज गेल्यास चुंबकत्व जागच्या जागी मागेपुढे होते, फिरत नाही. म्हणून उभी असलेली मोटर सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. तिचा सुरू होण्याचा टॉर्क शून्य असतो. काही धाडसी माणसे अशा वेळी शाफ्टास हाताने हिसका देतात. मोटर ज्या दिशेस हिसका बसेल त्या दिशेस फिरू लागते, मग ती सुलट असो वा उलट, आणि उरलेल्या दोन तारांवर सारा भार टाकते. बोटे वाचली तरी वाइंडिंग वाचत नाही.

यावर उपाय नवे नाहीत. स्टार्टरात ओव्हरलोड रिले असते. तिचे काम वाढलेले अँपिअर ओळखून मोटर बंद करणे हे आहे. ती वारंवार पडते म्हणून तार जोडून तिला वगळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. रिले पडते ते पाणी बंद पाडण्यासाठी नव्हे. मोटरीजवळ टॉर्कची राखीव उरलेली नाही, हे ती सांगत असते. तिची खूण मोटरीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरला लावावी. स्टार्टरवरील व्होल्टमीटर बिघडला असेल तर तो प्रथम बदलावा. मोटर भरण्याच्या खर्चाच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे. फेज गेल्यास मोटर तोडणारे उपकरणही बसवून घ्यावे. एका डी.पी.वरील शेतकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरविल्या तर टोकाच्या माणसास दाब मिळतो. ही गोष्ट सांगावयास सोपी आणि घडवून आणावयास अवघड आहे. परंतु पाटाच्या पाण्याच्या पाळ्या जेथे पिढ्यान् पिढ्या पाळल्या गेल्या, तेथे विजेच्या पाळ्या अशक्य म्हणता येणार नाहीत.

स्टार-डेल्टा स्टार्टर वापरणाराने एवढेच ध्यानात ठेवावे की स्टार जोडणीत मोटरीचा टॉर्क तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पंप मंद वेगात थोडाच टॉर्क मागतो, म्हणून तो अशाने सुखाने सुरू होतो. पेंढी अडकलेले मळणी यंत्र सुरू होत नाही. ते आधी मोकळे करावे.

ट्रॅक्टर : फाळ, चाक आणि चिखल

ट्रॅक्टरचे 35 अश्वशक्तीचे इंजिन 2000 फेऱ्यांवर सुमारे 12.5 किलोग्रॅम-मीटर टॉर्क देते. नांगरट चालू असता फाळ कठीण थरास लागला म्हणजे इंजिनाचे फेरे उतरतात. चांगल्या डिझेल इंजिनात फेरे उतरले की टॉर्क काही मर्यादेपर्यंत वाढतो. समजा 1400 फेऱ्यांवर 15 होतो. त्यामुळे चालकास गिअर बदलावा न लागता इंजिन तो थर फोडून पुन्हा वेग घेते. दोन ट्रॅक्टरांची अश्वशक्ती सारखी असली तरी एक अडीअडचणीत ‘तग धरतो’ आणि दुसरा ‘बंद पडतो’ असा अनुभव शेतकरी सांगतात, त्याचे मर्म येथे आहे. खरेदीच्या वेळी सर्वांत अधिक टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो, हे दोन आकडे विचारावे. विक्रेता ते सांगू शकला नाही, तर पत्रक मागून घ्यावे.

खालच्या गिअरमध्ये चाक मिनिटास 20 फेरे करीत असेल, तर इंजिनाचा टॉर्क शंभरपट होऊन आसावर 1200 किलोग्रॅम-मीटरच्या वर पोहोचतो. एवढा टॉर्क ओल्या काळ्या जमिनीस पेलत नाही. टायर जागीच घसरतो. अशा वेळी आणखी खालचा गिअर टाकून उपयोग नसतो. येथे टॉर्क उणा पडलेला नाही, जमिनीची पकड उणी पडली आहे. ती वाढविण्यासाठी चाकांस वजने लावतात किंवा टायरात पाणी भरतात.

याच टॉर्कपायी माणसे दगावली आहेत, म्हणून पुढील गोष्ट प्रत्येक चालकास सांगितलीच पाहिजे. मागील चाके चिखलात रुतली की त्यांस आडवा ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची रीत काही ठिकाणी आहे. आस चाकास जितक्या टॉर्कने पुढे फिरवू पाहतो, तितक्याच टॉर्कने ट्रॅक्टरच्या धडास उलट दिशेस फिरवू पाहतो. चाक फिरू शकले नाही तर धड फिरते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. हे इतक्या झटकन घडते की क्लच दाबण्यास सवड मिळत नाही. रुतलेला ट्रॅक्टर मागील गिअरमध्ये हळू मागे काढावा, चाकामागची माती उकरावी, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा. ओढताना साखळी आसापेक्षा वर कधीही बांधू नये. तसे केल्यास ओढणारा ट्रॅक्टरच उलटण्याचा धोका असतो.

मुद्दाम अशक्त ठेवलेला बोल्ट

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालणाऱ्या कित्येक अवजारांच्या शाफ्टात एक बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा ठेवलेला असतो. त्यास शिअर बोल्ट म्हणतात. अवजारात दगड किंवा मूळ अडकले की टॉर्क एकदम चढतो आणि हा बोल्ट तुटतो. तो तुटला म्हणून गिअरपेटी वाचते. परंतु ऐन पेरणीच्या घाईत तीन वेळा बोल्ट तुटला की चालक चिडतो आणि दुकानातून ‘न तुटणारा’ बोल्ट आणतो. बोल्टाच्या डोक्यावर 4.6, 8.8 असे आकडे असतात. मोठा आकडा अधिक ताकदीचा. 4.6 च्या जागी 8.8 घातला की बोल्ट तुटत नाही. मग तुटतात ते गिअरपेटीतील दाते किंवा शाफ्टाचा सांधा. काही रुपयांचा बोल्ट वाचवून हजारो रुपयांची पेटी गमावण्याचा हा व्यवहार आहे. अवजारासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच ताकदीचे पाचसहा बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावे. ते एकसारखे तुटत असतील तर खोली कमी करावी किंवा शेतातील दगड वेचावे.

नट आवळण्याचा विषयही याच सदरात मोडतो. पाइप चढवून जीव खाऊन आवळलेला बोल्ट अधिक घट्ट बसला, असे वाटते. प्रत्यक्षात तो ताणून लांबलेला असतो आणि पुढे अचानक तुटतो. इंजिनाच्या हेडचे बोल्ट तर पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे, मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावयाचे असतात. यासाठी टॉर्क दाखविणारा पाना मिळतो. प्रत्येक शेतकऱ्याने तो घ्यावा अशी अपेक्षा नाही. अवजार बँकेने किंवा गटाने एक घेतला तरी पुरे. आट्यांस तेल लागले असेल तर तेवढ्याच टॉर्कवर बोल्ट अधिक ताणला जातो, हे मिस्त्रीस ठाऊक असावे.

फिरत्या शाफ्टाजवळ

पी.टी.ओ.चा शाफ्ट मिनिटास 540 म्हणजे सेकंदास 9 फेरे करतो. 35 अश्वशक्ती त्यातून जात असेल तर टॉर्क 46 किलोग्रॅम-मीटर होतो. शाफ्टाच्या सांध्याचा व्यास साडेसात सेंटिमीटर असला तर त्यावर सेकंदास दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. पदर, ओढणी, उपरणे, धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही यांचे टोक त्यास लागले की ‘अरे’ म्हणेपर्यंत माणूस शाफ्टापर्यंत ओढला जातो. कापड ओढणारे बळ किती असते? 46 भागिले पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे बाराशे किलोग्रॅमहून अधिक. चार धडधाकट माणसांनी धरून ठेवले तरी ते थांबत नाही. मागे खेचण्याचा विचार करण्यापेक्षा जवळ जाण्याचा प्रसंगच टाळणे, हा एकच मार्ग आहे.

मळणी यंत्रांच्या अपघातांत मजुरांचे हात व बोटे जात असल्याने केंद्र शासनाने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा कायदा केला. यंत्रावर सुरक्षित घसरडी व आवरणे असावीत असा त्याचा रोख आहे. परंतु कायद्याने दिलेले आवरण खळ्यावर काढून बाजूस ठेवले तर त्याचा उपयोग नाही. ग्रीस भरताना गार्ड काढला जातो आणि ‘नंतर बसवू’ म्हणून राहतो. पुढे तो कोंबड्यांच्या खुराड्यास लावलेला आढळतो. रोजंदारीने आलेल्या बाईस हे यंत्र तिचे नसते, गार्ड कसा असतो हेही तिने पाहिलेले नसते. म्हणून ही जबाबदारी यंत्राच्या मालकाची आणि चालकाची आहे, आणि कार्यकर्त्याने ती त्यांस चारचौघांत सांगण्यास संकोच करू नये.

शाफ्टावरून ओलांडून जाऊ नये, मग तो कितीही मंद फिरत असो. अडकलेला माल काढावयाचा झाल्यास आधी पी.टी.ओ. सोडवावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी आणि शाफ्ट पुरता थांबेपर्यंत उभे राहावे. विजेवरचे यंत्र असेल तर मुख्य स्विच पाडावा. नुसते स्टार्टरचे बटन दाबणे पुरेसे नाही, कारण वीज गेली असेल आणि स्विच स्वयंचलित असेल तर ती परत येताच मोटर आपोआप सुरू होते. शाफ्टावरच्या प्लास्टिक नळीस एक बारीक साखळी असते. ती शोभेसाठी नाही. ती ट्रॅक्टरच्या किंवा अवजाराच्या स्थिर भागास अडकवली म्हणजे आत शाफ्ट फिरला तरी नळी फिरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी, इंजिन बंद असताना, नळी हाताने फिरवून पाहावी. ती शाफ्टावर सैल फिरली पाहिजे. शाफ्टास चिकटून त्याच्याबरोबर फिरत असेल तर नळी असून नसल्यासारखी आहे, आणि ती मोकळी करून ग्रीस दिल्याशिवाय पी.टी.ओ. जोडू नये.